मराठीतला अनुस्वार : नाकाचा उच्चार आणि लेखणीचे टिंब

मराठी लिहिताना अक्षराच्या माथ्यावर जे टिंब आपण देतो, त्याहून लहान चिन्ह आपल्या लिपीत नाही. आणि गेल्या सव्वाशे वर्षांत त्याने जेवढा वाद माजवला, तेवढा दुसऱ्या कोणत्याही चिन्हाने माजवला नसेल. शाळेतल्या मुलांचे गुण त्यापायी गेले, वर्तमानपत्रांचे रकाने त्यापायी भरले, आणि अखेर १९६२ साली या टिंबांपैकी मोठ्या संख्येला मराठी लेखनातून रजा मिळाली. हा वाद व्याकरणकारांचा, त्याच्याशी गावकऱ्यांचे काय देणेघेणे, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. टिंब कोठे द्यावे हा प्रश्न दिसतो लेखणीचा; पण खाली उतरून पाहिले, तर तो कोणाचे बोलणे शुद्ध मानावयाचे आणि कोणाचे नाही, असा निघतो. म्हणून वसंतातल्या या व्याख्यानासाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

प्रथम नाकाच्या उच्चाराचे स्वरूप समजून घेऊ. आपल्या तोंडात टाळूचा पुढचा भाग कठीण असून मागचा भाग मऊ व हलता आहे. त्याच्याच टोकाला पडजीभ लोंबते. ही मऊ टाळू दाराच्या झडपेसारखे काम करते. ती वर उचलली गेली, की नाकाकडे जाणारी वाट बंद होते आणि सारा वारा तोंडावाटे बाहेर पडतो. 'क', 'प', 'आ', 'ई' हे वर्ण अशा रीतीने होतात. ती खाली आली, की नाकाची वाट मोकळी होते. येथपर्यंत सर्व सोपे आहे. मात्र नाकाची वाट उघडी असताना तोंडाची वाट बंद आहे की तीही उघडी आहे, यावरून नाकाच्या उच्चाराचे दोन निराळे प्रकार पडतात, आणि हा भेद ध्यानात न घेतल्यामुळेच अनुस्वाराविषयी पुष्कळसा घोटाळा झाला आहे.

'म' म्हणताना ओठ मिटलेले असतात. 'न' म्हणताना जिभेचे टोक दातांमागे टेकलेले असते. तोंडाची वाट पूर्ण बंद, आणि वारा फक्त नाकातून. ही झाली नासिक्य व्यंजने : ङ, ञ, ण, न, म. उलट 'आ' म्हणता म्हणता टाळूची झडप तेवढी खाली सोडली, तर तोंड उघडेच राहते आणि वारा तोंडातून व नाकातून असा दोहोंकडून वाहू लागतो. हा झाला सानुनासिक स्वर. पहिल्यात नाक हाच एकमेव दरवाजा. दुसऱ्यात नाक ही जोडीची खिडकी.

याची परीक्षा घरच्या घरी करता येते. 'म्' हा वर्ण लांबवीत चिमटीत नाक धरा. आवाज तत्काळ थांबेल, कारण वाऱ्याला दुसरी वाटच नाही. आता नाकात 'आँ' म्हणत राहा आणि पुन्हा नाक धरा. आवाजाचा रंग पालटेल, पण आवाज चालूच राहील. दुसरी परीक्षा पडशाची. पडशाने नाक चोंदलेल्या मनुष्याने 'मामा' म्हटले, तर ऐकणाऱ्यास 'बाबा'सारखे ऐकू येते. 'नेरे' म्हटले तर 'देरे'सारखे. नाकाची वाट बुजली, की म-चा ब आणि न-चा द होतो. गंमत अशी, की अशा मनुष्यास आपण 'नाकात बोलतो' म्हणतो, आणि वस्तुतः त्याच्या बोलण्यात नाकाचा अंश उरलेलाच नसतो!

हे ज्ञान नवे नाही. पाणिनीने आपल्या अष्टाध्यायीच्या अगदी पहिल्याच पादात अनुनासिकाची व्याख्या केली आहे. तिचा आशय असा, की जो वर्ण मुख आणि नासिका या दोहोंच्या साह्याने उच्चारला जातो, तो अनुनासिक. पाणिनीच्या हाताशी आजची यंत्रे नव्हती, केवळ कान आणि चिकित्सक बुद्धी होती. वेदांच्या पठणासाठी रचलेल्या प्रातिशाख्यांत तर याहून बारीक चर्चा आहे. अनुस्वार हा स्वर मानावा की व्यंजन, असा प्रश्न त्या काळीही पडला होता, आणि ऋग्वेदाच्या प्रातिशाख्याने दोन्ही पक्षांना जागा ठेवली आहे. आमच्या मते ही संदिग्धता नसून प्रामाणिक निरीक्षण आहे. कारण अनुस्वार ज्या ठिकाणी येतो त्या ठिकाणाप्रमाणे त्याचे रूप खरोखरच बदलते.

ते कसे बदलते, हे पाहण्यास ग्रंथालयात जाण्याचे कारण नाही. नेऱ्याच्या आसपासची गावे पुरेत. पिरंगुट आणि म्हाळुंगे यांत टिंबापुढे ग आहे, म्हणून तेथे ङ् ऐकू येतो. मारुंजीत पुढे ज आहे, म्हणून ञ्. गावाची जी पांढरी, तिच्यात ढ-मुळे ण्. नांदे आणि चांदे यांत द-मुळे न्. जांब्यात ब-मुळे म्. टिंब एकच, पण जीभ व ओठ पाच ठिकाणी टेकतात. पुढचे व्यंजन जेथे उच्चारावयाचे, तेथेच नाकाचा वर्णही होतो; यालाच व्याकरणात परसवर्ण म्हणतात, आणि पाणिनीने याचाही नियम सांगितलेला आहे. गावाचे नाव उच्चारणाऱ्या शेतकऱ्यास हा नियम कोणी शिकविला नाही, तरी तो एकदाही चुकत नाही. या सर्व नावांत टिंबाचा अर्थ नासिक्य व्यंजन असा आहे.

आता पुढे श, स, ह, र, व असे वर्ण आले म्हणजे काय होते ते पाहा. या वर्णांत तोंडाची वाट पूर्ण बंद होत नाही. म्हणून नाकाच्या वर्णासही टेकावयास जागा मिळत नाही. मराठी माणूस 'सिंह' म्हणताना 'सिंव्ह' असे काहीसे म्हणतो. 'संसार', 'मांस', 'संरक्षण' यांतही नाकात घोळलेला एक अर्धामुर्धा व् ऐकू येतो. 'संयम' शब्दात त्याच जागी नाकातला य् येतो. येथे टिंबाचा अर्थ व्यंजन नव्हे, सानुनासिक उच्चार असा आहे.

हिंदीत या दोन गोष्टींसाठी दोन चिन्हे आहेत : व्यंजनासाठी टिंब आणि सानुनासिक स्वरासाठी चंद्रबिंदू. म्हणून 'हंस' पक्षी आणि 'हँसना' क्रिया यांचा भेद तेथे डोळ्यांस दिसतो. मराठीने चंद्रबिंदू या कामास लावला नाही. 'बँक' या शब्दावर आपण जे देतो ते चंद्रबिंदूसारखे दिसते खरे, पण तेथील चंद्र हा इंग्रजी धाटणीच्या स्वराचा आहे आणि टिंब ङ्-चे आहे. अशा रीतीने मराठीत एका टिंबावर अनेक कामे पडली, आणि इतिहासात त्या कामांची आणखी भर पडत गेली.

हा इतिहास एका शब्दात सांगता येतो. संस्कृतात 'दन्त' असा शब्द आहे. त्यात न् हे पुरे व्यंजन आहे. बोलता बोलता तो न् विरघळला. त्याची जागा भरून काढण्यासाठी आधीचा स्वर लांबला, आणि न्-चा नाकातला गुण त्या स्वरात उतरला. 'दांत' असा शब्द झाला. व्यंजन गेले, सानुनासिक स्वर राहिला. पुढे देशावरच्या बोलण्यातून तो नाकाचा गुणही ओसरला आणि 'दात' उरला. 'पञ्च'चा 'पांच' व मग 'पाच', 'कण्टक'चा 'कांटा' व मग 'काटा', हे त्याच वाटेने आले. व्यंजन, मग सानुनासिक स्वर, मग साधा स्वर, अशी ही तीन पायऱ्यांची उतरंड आहे. पण जो शब्द संस्कृतातून नंतर जसाच्या तसा उचलला, त्याने ही उतरंड पाहिलीच नाही. म्हणून आपण 'दात' म्हणतो तरी 'दंतकथा' म्हणतो, 'पाच' म्हणतो तरी 'पंचायत' म्हणतो.

दुसरी एक वाट म-ची आहे. दोन स्वरांमधला म् सैल पडून त्याचा नाकातला व् होई. ही घडामोड चालू असताना कानाने टिपणारा एक थोर वैयाकरण गुजरातेत होता. बाराव्या शतकात हेमचंद्राने अपभ्रंश भाषेचे व्याकरण लिहिताना अशा म-चा सानुनासिक व विकल्पाने होतो, असा नियम घालून दिला. 'ग्राम'चे 'गांव' आणि 'नाम'चे 'नांव' झाले ते याच नियमाने. पुढे देशावर नाकाचा अंश गळून 'गाव' आणि 'नाव' राहिले. आपल्या कचेरीच्या पाटीवर 'ग्रामपंचायत' असे लिहिलेले असते. त्या शब्दात म् आणि ञ् दोन्ही शाबूत आहेत. तीच गोष्ट रोजच्या बोलीत 'गावचे पाच लोक' अशी म्हटली, की दोन्ही नासिक्य वर्ण नाहीसे झालेले असतात. एकाच पाटीत आणि एकाच बोलण्यात भाषेची दीड-दोन हजार वर्षे अशी शेजारी शेजारी नांदत आहेत.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. लॅटिन भाषेत चांगल्यास 'बोनुस्' म्हणत. फ्रेंचांनी न् विरघळवून त्याचे 'बों' केले. मात्र स्त्रीलिंगी रूपात न्-पुढे स्वर असल्यामुळे तो टिकला आणि 'बोन' झाले. एकाच शब्दाच्या पुल्लिंगात सानुनासिक स्वर आणि स्त्रीलिंगात नासिक्य व्यंजन! पोर्तुगीज भाषेचेही स्वर असेच नाकात घोळलेले आहेत. १५७९ मध्ये गोव्यास आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याने मराठीत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले, आणि त्याने लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूर येथे छापले गेले. रोमन लिपीत कोकणी लिहिण्याची जी परंपरा गोव्यात रुजली, तीत 'कितें', 'म्हजें' अशा शब्दांच्या अखेरच्या सानुनासिक स्वरासाठी 'एम्' हे अक्षर लिहितात. देवनागरीत जे काम टिंब करते, ते तेथे पुऱ्या अक्षराने केले.

आता व्याकरणाकडे वळू. जुन्या मराठीत नाकाचा उच्चार शब्दांच्या केवळ अंगात नव्हता, प्रत्ययांतही होता. संस्कृत 'देवेन'चे 'देवें' झाले. 'फलानि'चे 'फळें' झाले. 'सुवर्णकम्'चे 'सोनें' झाले. म्हणजे तृतीयेची, नपुंसकलिंगाची आणि अनेकवचनाची खूण नाकातल्या स्वरात साठविलेली होती. 'ते' म्हणजे ती माणसे, 'तें' म्हणजे ती वस्तू. 'ती' म्हणजे एक स्त्री, 'तीं' म्हणजे पुष्कळ मुले. 'तो करतो', पण 'मी करतों'. 'नाव' पाण्यावर चालणारी आणि 'नांव' माणसाचे. ज्ञानेश्वरीच्या मराठीत या खुणांचा वावर सर्वत्र आहे. इ. स. १९०९ मध्ये राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण लिहिले, आणि पुढे फ्रेंच पंडित झ्यूल ब्लोक यांनी मराठीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला. अशा अभ्यासांमुळे या रूपांची वंशावळ नीट उलगडली.

पण वंशावळ उलगडली, तेव्हा उच्चार देशावर जवळजवळ संपला होता. पेशवाईतले कागद मोडीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि अनुस्वारही कधी दिलेला, कधी वगळलेला दिसतो. उच्चार कानात स्पष्ट असता, तर लेखकाची अशी गफलत वारंवार झाली नसती. मग छापखाना आला, शाळाखाते आले, आणि मोडीऐवजी बाळबोध लिपी ग्रंथांत स्थिरावली. १८३१ साली मोल्सवर्थचा कोश निघाला, १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण निघाले. लेखनाला नियम हवा होता, आणि नियम करणाऱ्यांनी तो व्युत्पत्तीवरून केला. जेथे मुळात नासिक्य वर्ण होता तेथे टिंब, मग बोलणाऱ्याच्या नाकात ते असो वा नसो. अशा रीतीने दोन प्रकारचे अनुस्वार मराठीत झाले : एक उच्चारित, आणि दुसरा अनुच्चारित. छापखान्यातल्या जुळाऱ्याला प्रत्येक टिंब सांभाळून बसवावे लागे, आणि शाळेतल्या मुलाला न ऐकू येणाऱ्या उच्चाराची जागा पाठ करावी लागे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या अनुच्चारित अनुस्वारांवर पहिला मोठा हल्ला झाला. साने, गोडबोले आणि हातवळणे या विद्वानांनी लेखन उच्चाराच्या जवळ आणावे व न उच्चारले जाणारे अनुस्वार गाळावेत, असा पक्ष मांडला. त्यावर १९०४ साली लोकमान्य टिळकांनी केसरीत मराठी भाषेच्या लेखनपद्धतीवर लेख लिहिले आणि नव्या सूचनांना विरोध केला. राजकारणाच्या ऐन धामधुमीत टिळकांसारख्या पुरुषाने टिंबांसाठी वेळ काढावा, यावरून हा प्रश्न त्या पिढीस किती जिव्हाळ्याचा वाटत होता हे दिसते. १९०६ मध्ये पुण्यास महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली, १९११ मध्ये मोरो केशव दामले यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण निघाले, आणि नियमांची चर्चा पुढची पन्नास वर्षे चालू राहिली.

दोन्ही पक्षांचे म्हणणे न्यायाने सांगितले पाहिजे. टिंबे राखावीत म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे : या खुणांनी लिंग, वचन व विभक्ती कळते, शब्दाचे मूळ कळते, आणि जुन्या ग्रंथांशी नाते टिकते. टिंबे गाळावीत म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे : अर्थ संदर्भाने कळतोच, बोलताना 'ते' आणि 'तें' यांत कोणी घोटाळा करीत नाही, मग लिहितानाच का व्हावा? संस्कृत न शिकलेल्या शेकडो मुलांनी थोड्या पंडितांच्या समाधानासाठी व्युत्पत्ती का पाठ करावी? शिक्षण जसजसे गावोगाव पोचू लागले, तसतसे हे दुसरे म्हणणे बळावत गेले, आणि ते बळावणे रास्तच होते. ज्या घरात पहिलेच मूल शाळेत जात होते, त्या घरावर न ऐकू येणाऱ्या टिंबांचा बोजा टाकणे अन्यायाचे होते.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. त्यानंतर मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे चौदा नियम ठरविले आणि १९६२ साली शासनाने ते स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडून ते अठरा झाले. त्यांतील अनुस्वाराविषयीच्या नियमांचा सारांश असा : जेथे नाकाचा उच्चार स्पष्ट ऐकू येतो तेथे टिंब द्यावे, जेथे ते केवळ व्युत्पत्तीने येते आणि उच्चारात नसते, तेथे देऊ नये, मात्र नामांच्या व सर्वनामांच्या अनेकवचनी सामान्यरूपावर, प्रत्यय वा शब्दयोगी अव्यय लागताना, ते द्यावे. 'नाहीं', 'कीं', 'त्यानें', 'मध्यें', 'पांच', 'नांव' यांवरची टिंबे अशा रीतीने गेली. एका पिढीने आपल्या हाताला लागलेले वळण मोडले, आणि पुढच्या पिढीस ते कधी होते याची आठवणही राहिली नाही.

हे झाले ते योग्य झाले, असेच आमचे मत आहे. तरीही एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 'उच्चारले जात नाही' असे जे म्हटले, ते कोणाकडून?

आपला मुळशी तालुका सह्याद्रीच्या धारेवर आहे. ताम्हिणीचा घाट उतरला, की कोकण लागते. आणि तेथून दक्षिणेस रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सरकत गोव्यात गेले, की नाकातले स्वर जिवंत ऐकू येऊ लागतात. मालवणी माणूस 'माझां घर' म्हणतो, तेव्हा तो शेवटचा आकार खरोखरच सानुनासिक असतो. चित्पावनी बोलीत नाकाचा उच्चार प्रसिद्धच आहे. कोकणीत तर 'ती' आणि 'तीं' हे आजही दोन निराळे शब्द आहेत. नाकाची झडप उघडी की बंद, एवढ्यावरून एक स्त्री की पुष्कळ मुले, हे ठरते. म्हणजे देशावर जी टिंबे केवळ कागदावर उरली होती, ती कोकणात तोंडात होती. ग्रियर्सनच्या भाषापाहणीचा मराठीविषयक खंड १९०५ साली निघाला, पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून बोलींच्या पाहणीचे खंड सिद्ध केले, त्यांत दक्षिण कानड्याची कोकणी, कुडाळी अशा बोलींचे नमुने नीट नोंदले गेले. डेक्कन कॉलेजातील ना. गो. कालेलकर यांनी १९५५ च्या 'ध्वनिविचार' या पुस्तकातून ध्वनिशास्त्राची ओळख मराठी वाचकास त्याच्याच भाषेत करून दिली. बोली म्हणजे शुद्ध भाषेचे बिघडलेले रूप नव्हे, ही दृष्टी अशा अभ्यासातून येते.

समाजात मात्र ही दृष्टी सहज आली नाही. कोकणातून पुण्या-मुंबईस आलेल्या मुलाच्या बोलण्याची 'नाकात बोलतो' म्हणून टिंगल झाली, ती त्या टिंगलीत सामील असलेल्या लोकांच्याच पूर्वजांच्या उच्चाराची टिंगल होती, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. अधिक विचित्र गोष्ट अशी, की ज्या वर्गात त्या मुलाचा उच्चार अशुद्ध ठरे, त्याच वर्गात १९६२ पूर्वी त्या उच्चाराचे टिंब न दिल्याबद्दल इतर मुलांचे गुण कापले जात. तोंडातले टिंब दोषाचे आणि कागदावरचे टिंब विद्वत्तेचे! प्रमाणभाषेस एक लेखन हवे, हे खरे. पण प्रमाण म्हणजे सोयीसाठी ठरविलेले माप. त्या मापाबाहेरचे बोलणे हलके, असा त्याचा अर्थ होत नाही.

टिंबे गेली तरी टिंबाची कथा संपली नाही. 'असे केले' याऐवजी बोलताना आपण 'असं केलं' म्हणतो, आणि कथा-कादंबऱ्यांत तसे लिहितो. या टिंबाचा उच्चार नाकात होत नाही. नाक चिमटीत धरून 'केलं' म्हटले तरी काही बिघडत नाही. मराठीत शब्दाच्या अखेरचा अ उच्चारला जात नाही, म्हणून नुसते 'केल' लिहिले तर वाचणारा 'केल्' असे वाचील. येथील अ थोडा लांबवून पुरा उच्चारावयाचा आहे, एवढेच ते टिंब सांगते. 'केलें'वरचे टिंब गेले आणि 'केलं'वरचे राहिले; पण नाकाचे काम सोडून त्याने दुसरीच चाकरी धरली आहे.

आणि एका ठिकाणी ते टिंब अजून आपल्या मूळ कामावर हजर आहे. तेथे त्यास कोणी हात लावू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. 'मुलाचा' आणि 'मुलांचा', 'घरात' आणि 'घरांत', हा एकवचन-अनेकवचनाचा भेद आजही त्या टिंबावर उभा आहे. संस्कृतातील 'बालानाम्' सारख्या रूपांतील न् आणि म् यांचा तो शेवटचा अवशेष होय. आणि 'मुलांचा' म्हणताना च-पूर्वीचा न् आजही कानाने ऐकू येतो. मराठीत आदरासाठी आपण अनेकवचन वापरतो; म्हणून हा अवशेष आपल्या रीतिभातीचाही आधार झाला आहे. 'पाटलाचा वाडा' आणि 'पाटलांचा वाडा', 'गुरुजीचे म्हणणे' आणि 'गुरुजींचे म्हणणे', 'आजोबाची काठी' आणि 'आजोबांची काठी', यांत फरक आहे तो एका टिंबाचा. पण तेवढ्याने घरातल्या वडिलांचा मान राहतो किंवा जातो. अलीकडे घाईच्या लिहिण्यात, छापील निमंत्रणांत व पाट्यांवर हे टिंब गळू लागले आहे. शेजारच्या हिंजवडीत संगणकाची एवढी मोठी वसाहत उभी आहे. १९९१ साली निघालेल्या युनिकोड या संगणकीय संकेतात अनुस्वारास आणि चंद्रबिंदूस स्वतंत्र जागा आधीपासूनच दिलेल्या आहेत. म्हणजे यंत्राची अडचण नाही. अडचण असलीच तर ती लिहिणाऱ्याच्या दुर्लक्षाची आहे.

तात्पर्य काय? मराठीतील अनुस्वाराचा इतिहास हा तीन गोष्टींचा इतिहास आहे. नासिक्य व्यंजन विरघळून सानुनासिक स्वर झाला आणि तोही देशावर मावळला, ही निसर्गाची गोष्ट. मावळलेल्या उच्चाराची खूण लेखणीने शतकभर सांभाळली आणि मग सोडली, ही विद्येची गोष्ट. ज्यांच्या तोंडात तो उच्चार जिवंत होता त्यांना कमी लेखले गेले, ही समाजाची गोष्ट. पहिलीवर कोणाचा इलाज नाही. दुसरीचा निकाल १९६२ साली लागला, आणि तो बदलावयाचे कारण नाही. तिसरी मात्र अद्याप आपल्या हाती आहे.

म्हणून आमची एक सूचना आहे. शिवारातल्या वावरांची, ओढ्यांची, टेकड्यांची, माळांची नावे जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. वस्त्या वाढत आहेत, जमिनी पालटत आहेत, आणि नावे गट-क्रमांकांखाली बुजत आहेत. शाळेतल्या मुलांनी ती नावे वडीलधाऱ्यांकडून ऐकून लिहून ठेवावीत, आणि लिहिताना शुद्धलेखनाच्या नियमापेक्षा कानाचा भरवसा धरावा. आजी नाकात बोलत असेल तर टिंब द्यावे, नसेल तर देऊ नये. घाटाखालून सून म्हणून आलेल्या बाईचा उच्चार निराळा पडला, तर तोही शेजारी लिहावा, आणि हसू नये. पाणिनीने केले ते याहून फार निराळे नव्हते. त्याने आपल्या काळच्या माणसांचे बोलणे लक्ष देऊन ऐकले आणि ऐकले तसे नोंदले.